सूडनायक (व्हिडिओ गेम)

सूडनायक : आप्ताची हत्या, विश्वासघात किंवा अपमान यांचा सूड घेण्यासाठी निघालेला व्हिडिओ गेममधील नायक वा नायिका. नाटकातील सूड प्रेक्षक बसून पाहतो. गेममध्ये तो खेळाडूला बटणे दाबून तडीस न्यावा लागतो. त्यामुळे या पात्राच्या नीतिमत्तेची चर्चा दोन अंगांनी होते : सूड न्याय्य होता काय, आणि तो घेतला कोणी, पात्राने की खेळाडूने.

सुरुवातीच्या गेममध्ये सूड हे बहुधा घराबाहेर पडण्याचे निमित्त असे. ‘निंजा गायडेन’ (१९८८) मधील र्‍यू हायाबुसा बापाच्या सूडासाठी निघतो. ‘शेनमू’ (१९९९) मधील र्‍यो हाझुकीही तसाच निघतो आणि तिसरा भाग (२०१९) संपला तरी बापाचा मारेकरी जिवंतच असतो. मालिका चालवायची तर वैऱ्याला मारून चालत नाही. ‘मॅक्स पेन’ (२००१) मध्ये पत्नी व तान्ही मुलगी गमावलेला पोलीस सर्व काही घडून गेल्यावर मागे वळून कथा सांगतो. सूड पुरा झाल्यानंतरची पोकळी या प्रकारात त्याच्यापासून ठळक होते.

सर्वाधिक चर्चा झाली ती ‘गॉड ऑफ वॉर’ (२००५) मधील क्रेटॉसची. रणांगणात मरण समोर दिसताच हा स्पार्टाचा सेनानी युद्धदेव एरीसला आपले आयुष्य वाहतो. पुढे एरीसच्याच कपटाने, एका गावावरील हल्ल्यात, त्याच्या हातून स्वतःची पत्नी व मुलगी मारली जातात आणि त्यांची राख शापाने त्याच्या कातडीला कायमची चिकटते. दहा वर्षे देवांची चाकरी केल्यावर तो एरीसला ठार करतो. देव त्याला क्षमा करतात, पण दुःस्वप्ने पुसून टाकत नाहीत. पुढील भागांतील ऑलिंपसच्या (देवांच्या निवासस्थानाच्या) द्वेषाची एक मुळी येथे आहे. त्या गावातील बाकीच्या मृतांसाठी मात्र कोणी सूड घ्यायला उठत नाही आणि क्रेटॉसच्या शोकातही त्यांची गणती नाही. त्याच्या नैतिक बाजूचे समर्थन करणाऱ्यांनी या मुद्द्याकडे पुरेसे लक्ष दिलेले दिसत नाही.

या कथेच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. पत्नी-अपत्यांची हत्या हा धागा ग्रीक वीर हेराक्लीसच्या (हर्क्युलीसच्या) आख्यानाशी जुळतो, हे बहुतेकांना मान्य आहे. प्रश्न आहे तो आख्यानाच्या कोणत्या पाठाशी. ग्रीक नाटककार युरिपिडीझच्या ‘हेराक्लीस’ या नाटकात (साधारणतः इ. स. पू. ४१६, काही अभ्यासक काळ थोडा मागेपुढे नेतात) नायकाची प्रसिद्ध बारा कामगिरींची मालिका आधी संपते, मग हेरा देवतेने धाडलेले वेड त्याला घेरते आणि तो पत्नी मेगारा व मुलांना मारतो. ॲपोलोडोरसच्या नावावर असलेल्या पुराणकथासंग्रहात, जो बहुधा इ. स. च्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला आहे, क्रम उलटा आहे : मुलांची हत्या आधी, प्रायश्चित्त म्हणून कामगिरी नंतर, शिवाय मेगारा वाचते. युरिपिडीझने रूढ क्रम फिरवला असावा, असे सर्वसाधारण मत आहे. क्रेटॉसची कथा क्रमाच्या दृष्टीने ॲपोलोडोरसकडे, तर पत्नीच्या मृत्यूच्या दृष्टीने युरिपिडीझकडे झुकते. गेमच्या कर्त्यांनी दोन्ही पाठ समोर ठेवले असतील असे मानण्याची गरज नाही. क्रमाचे साम्य अधिक महत्त्वाचे मानणे सयुक्तिक ठरेल. अपराध आधी आणि कष्ट नंतर आले, तरच त्या कष्टांना प्रायश्चित्ताचा अर्थ येतो.

‘क्रेटॉस’ या शब्दाचा ग्रीकमधील अर्थ बळ किंवा सत्ता. ‘बंदिवान प्रॉमिथ्यूस’ या नाटकात याच नावाचे पात्र देवांविरुद्ध गेलेल्या प्रॉमिथ्यूसला खडकाशी जखडवून घेते. हे नाटक परंपरेने एस्किलसचे मानले जाते, पण त्याच्या कर्तृत्वाबद्दल आधुनिक अभ्यासकांना गंभीर शंका आहेत. नाटकातला क्रेटॉस देवराज झ्यूसचा निष्ठुर हुकूमबरदार, गेममधला झ्यूसचा मारेकरी. नावापलीकडे संबंध जोडण्यास आधार तुटपुंजा आहे.

दुसरा वंशसंबंध एलिझाबेथकालीन सूडनाट्याशी जोडला जातो. टॉमस किडची ‘द स्पॅनिश ट्रॅजेडी’ (१५८२ ते १५९२ च्या दरम्यान, बहुधा १५८७ च्या सुमारास) या प्रकाराचा नमुना मानली जाते. न्यायासन बहिरे, म्हणून खून झालेल्या मुलाचा बाप स्वतःच शस्त्र उचलतो. पण सूड पुरा झाल्यावर तोही जगत नाही. इंग्रज निबंधकार फ्रान्सिस बेकनने १६२५ मध्ये सूडाला रानटी न्याय म्हटले, तो याच परंपरेचा काळ. ‘गॉड ऑफ वॉर ३’ (२०१०) च्या अखेरीस क्रेटॉस स्वतःवरच तलवार चालवतो, तेथे हा संकेत पाळलेला दिसतो. सौप्तिकपर्वातील अश्वत्थाम्याचा निवाडा याहून वेगळा : झोपलेल्यांना कापून काढणाऱ्याला मरण मिळत नाही, ३,००० वर्षांची भटकंती मिळते. २०१८ च्या भागातला, त्या वारातूनही वाचलेला आणि मुलाला घेऊन फिरणारा प्रौढ क्रेटॉस या दुसऱ्या निवाड्याच्या अधिक जवळ आहे.

तंत्राची बाजू २०१० च्या भागात स्पष्ट होते. समुद्रदेव पोसायडनचा वध त्याच्याच डोळ्यांनी दाखवला आहे आणि अखेरीस कंट्रोलरच्या दोन्ही कांड्या एकदम दाबून खेळाडूला ते डोळे फोडावे लागतात. झ्यूसवरील शेवटचे ठोसे पडदा रक्ताने भरला तरी, खेळाडू बटण दाबत राहील तोवर, चालूच राहतात. मधल्या काळात एकेका देवाच्या मृत्यूने समुद्र चढतो, सूर्य झाकोळतो, रोगराई पसरते. यात मरणारी माणसेही कोणाच्या हिशेबात नाहीत. गेममधील नीतीचा अभ्यासक मिगेल सिकार्ट (२००९) खेळाडूला स्वतःचा विवेक असलेला नैतिक कर्ता मानतो. उलट पक्षी, पुढे जायला एकच वाट असेल तर जबाबदारी रचनाकाराची, असे म्हटले जाते. सिकार्टचे मत जास्त टिकाऊ वाटते, कारण कधी थांबायचे हे झ्यूसच्या प्रसंगात तरी खेळाडूच ठरवतो.

‘डिसऑनर्ड’ (२०१२) मध्ये निवड खुली आहे. सम्राज्ञीच्या खुनाचा आळ आलेला तिचा अंगरक्षक कॉर्व्हो शत्रूंना न मारताही हटवू शकतो. जितकी प्रेते जास्त तितका शहरात गोंधळ, उंदीर आणि रोग वाढतात, शेवटही काळवंडतो. पण ‘न मारणे’ म्हणजे काय? दोघा जुळ्या भावांची जीभ छाटून त्यांना त्यांच्याच खाणीत राबायला पाठवणे. एका सरदारणीला तिचा पिच्छा पुरवणाऱ्या माणसाच्या हवाली करणे. यंत्रणा प्रेते मोजते, क्रौर्य मोजत नाही.

‘द लास्ट ऑफ अस भाग २’ (२०२०) मध्ये एली ही तरुणी, तिला बापासारख्या असलेल्या जोएलच्या मारेकरणीच्या, ॲबीच्या, मागावर निघते. आणि अर्ध्या वाटेवर खेळाडूच्या हाती ॲबी दिली जाते. पहिल्या भागात (२०१३) जोएलने मारलेला शल्यविशारद तिचा बाप होता. ज्याला खेळाडूने तेव्हा अडथळा म्हणून बाजूला केले, त्याचीही मुलगी होती. शेवटी एली ॲबीला सोडून देते, पण डाव्या हाताची दोन बोटे गमावल्यामुळे तिला जोएलने शिकवलेली गिटार नीट वाजवता येत नाही.

‘रेड डेड रिडेम्प्शन’ (२०१०) मध्ये मुख्य कथा जॉन मार्स्टनच्या मृत्यूने संपते. त्याचा मुलगा जॅक १९१४ मध्ये बापाला मारवणारा, आता निवृत्त सरकारी अधिकारी एडगर रॉस याला शोधून मारू शकतो. ही मोहीम ऐच्छिक आहे, खेळाडूने ती केली नाही तरी चालते. श्रेयनामावली मात्र रॉस पडल्यावरच पडद्यावर येते.