मोआ आणि हत्तीपक्षी: एका साच्यात दोघं बसत नाहीत

नामशेष पक्ष्यांच्या मूर्तींची मालिका काढायची म्हटली की डोडोनंतर गाडी मोआ आणि हत्तीपक्षी यांच्यावर येऊन थांबते. वागळे इस्टेट किंवा रबाळ्याच्या गाळ्यात पन्नास-शंभर नगांची बॅच काढणाऱ्याला मोहही ठरलेला: शहामृगासारखं एकच धूड घडवायचं, तपकिरी रंगवलं की मोआ, राखाडी रंगवलं की हत्तीपक्षी. वाशीच्या सिडको एक्झिबिशन सेंटरमध्ये असा माल मांडलात, तर जाणकार गिऱ्हाईक तो हातात घेऊन उलटापालटा करेल आणि परत ठेवेल.

मोआ न्यूझीलंडचा, हत्तीपक्षी मादागास्करचा. डीएनएवरून पाहिलं तर मोआचे जवळचे नातलग दक्षिण अमेरिकेतले टिनामू पक्षी, आणि अवाढव्य हत्तीपक्ष्याचा जवळचा नातलग चक्क कोंबडीएवढा किवी.

पहिली खूण पंखांची. मोआच्या सांगाड्यात पंखाचं एकही हाड नाही, त्यामुळे मूर्तीच्या कुशीवर पंखाचा उंचवटा दिसला की काम चुकलंच. हत्तीपक्ष्याला खुरटा पंख होता. तो पिसांखाली जेमतेम जाणवेल इतकाच ठेवावा.

दुसरी खूण उभं राहण्याची. जुन्या संग्रहालयांनी मोआचे सांगाडे मान ताठ करून उभे केले आणि ३.६ मीटरची उंची गाजली. ती मान पूर्ण ताणल्यावरची. एरवी मान पुढे झुकलेली आणि पाठ सुमारे २ मीटरवर. म्हणजे १:२० प्रमाणात पाठ १० सेंमीवर येते. १८ सेंमीचा ताठ मोआ झाडाचा पाला ओरबाडताना दाखवायचा असेल तरच करावा. हत्तीपक्षी साधारण ३ मीटरचा, म्हणजे १५ सेंमी. ताठ मोआपेक्षा बुटका, पण अंगाने कितीतरी भरलेला. त्याला शहामृगाचे टपोरे डोळेही देऊ नका. कवटीच्या आतल्या पोकळीवरून मेंदूचा जो अभ्यास २०१८ साली झाला, त्यात दृष्टीचा भाग फारच लहान निघाला. हा पक्षी बहुधा रात्री फिरणारा.

खर्चाचं गणित इथेच बदलतं. १:२० मध्ये आकारमान ८००० पटींनी घटतं. सव्वादोनशे किलोच्या मोआ मादीला २८-३० मिली रेझिन (साच्यात ओतून घट्ट होणारं द्रव प्लास्टिक) लागतं, साडेसहाशे किलोच्या हत्तीपक्ष्याला ८० मिलीच्या पुढे. उंचीकडे बघून दोघांची किंमत सारखी लावणारे हत्तीपक्ष्यात पैसे घालवतात. शिवाय इतका जाड गोळा एकदम ओतला तर आत उष्णता कोंडते, रेझिन आकसतं आणि पाठीवर खड्डा पडतो. त्याच रेझिनचा आधी ओतून ठेवलेला ठोकळा पोटात बसवून भोवती ओतलं की हा त्रास जातो.

मोआचं दुखणं वेगळं: तोल. मान पुढे गेली की वजन पुढे येतं आणि पाय चार-पाच मिमीचे. दोन्ही पायांत दीड मिमीची स्टीलची तार पोटापासून तळव्याबाहेर १० मिमी काढून तळपट्टीत रुतवावी, मानेत वेगळी बारीक तार घालावी. सीवूड्स-नेरूळच्या खाडीवर फ्लेमिंगो पाहणाऱ्यांना पक्ष्याचा मागे दुमडणारा सांधा म्हणजे घोटा, हे ठाऊक असतं. खरा गुडघा वर पिसांत दडलेला असतो. तार त्या घोट्यातच वाकवायची. महामोआच्या, म्हणजे आपण घडवतोय त्या मोठ्या जातीच्या, घोट्याखाली पिसं दाखवू नयेत. बोटांपर्यंत पिसं होती ती छोट्या अपलँड मोआला.

पावसाळ्यात ठाण्या-नवी मुंबईच्या दमट हवेत पॉलियुरेथेन रेझिन फसफसतं. त्यातलं आयसोसायनेट पाण्याशी भिडून कार्बन डायऑक्साइड सोडतं आणि मोआच्या केसाळ पिसांच्या रेघांत नेमके तिथेच बुडबुडे अडकतात. डबा लगेच बंद करावा, सिलिकॉनचा साचा ओतण्याआधी तासभर ५०-६० अंशांवर तापवावा, रेझिनमध्ये मिसळायची भरणीची पावडरही कोरडी भाजून घ्यावी. मूळ मूर्ती गंधकवाल्या क्लेची असेल तर प्लॅटिनम सिलिकॉन (प्लॅटिनमच्या उत्प्रेरकाने घट्ट होणारं) तिच्यावर सुकतच नाही, चिकट राहतं. तिथे टिन-क्युअर, म्हणजे कथिलाच्या उत्प्रेरकाने घट्ट होणारं सिलिकॉन, वापरा.

रंगाच्या बाबतीत मोआ सोपा. न्यूझीलंडच्या कोरड्या गुहांत त्याची पिसं मिळाली आहेत, तपकिरी छटांची, काहींची टोकं फिकट. हत्तीपक्ष्याचा रंग मात्र सगळा अंदाजच, तेव्हा भडकपणा टाळलेला बरा. त्याची भरपाई अंड्याने होते: सुमारे ३० सेंमीचं खरं अंडं म्हणजे १५ मिमीचा मणी, मूर्तीसोबत दिला की खप वाढतो.

आमचा कौल असा: पहिल्या बॅचला मोआ घ्या, रेझिन कमी आणि पुरावा जास्त. हत्तीपक्षी दुसऱ्या फेरीत, अंड्यासकट, मोआच्या दुपटीहून जास्त किमतीला. मोआच्या तळपट्टीवर महामोआच्या शास्त्रीय नावासकट 'डायनॉर्निस रोबस्टस, मादी' असं लिहायला विसरू नका, कारण नर तिच्या मानाने इतका लहान की एके काळी तो वेगळी जात समजला गेला होता. हत्तीपक्ष्याला २०१८ मध्ये दिलेलं 'व्होरोम्बे टायटन' हे नाव छापायचा मोह होईल. पण २०२३ च्या डीएनए अभ्यासाने ते पक्षी बहुधा एपिऑर्निस या आधीच माहीत असलेल्या हत्तीपक्ष्याच्या मोठ्या माद्याच असावेत असं मांडलं, त्यामुळे 'एपिऑर्निस मॅक्सिमस' लिहिलेलं सुरक्षित.