ऑक्सिजनचं मशीन भाड्याने नेण्याआधी

“ऑक्सिजनचं मशीन द्या” म्हणत रोज कुणी ना कुणी दुकानात येतं. आम्ही आधी विचारतो, पेशंटला ऑक्सिजन कमी पडतोय की श्वास ओढायची ताकद? उत्तर डॉक्टरांच्या चिठ्ठीत असतं. चिठ्ठीशिवाय मशीन मिळणार नाही, वाद घालू नये.

ऑक्सिजन कमी पडत असेल तर कॉन्सन्ट्रेटर. हवेत ऑक्सिजन २१ टक्के. मशीनमधली झिओलाइटची चाळणी नायट्रोजन अडवते आणि नळीतून ९० टक्क्यांच्या वर ऑक्सिजन येतो.

श्वास ओढायची ताकद कमी पडत असेल तर बायपॅप. ते ऑक्सिजन तयार करत नाही. ते मास्कमधून श्वास घेताना जास्त आणि सोडताना कमी दाब देतं. त्याने दमलेल्या स्नायूंना हातभार लागतो, साठलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. डॉक्टरांनी सांगितलं तर त्यालाच ऑक्सिजनची नळी जोडतात.

घरात सीओपीडीचा, म्हणजे फुप्फुसातल्या श्वासमार्गांच्या जुनाट आजाराचा, पेशंट असेल तर पुढचं दोनदा वाचा. बोटाच्या ऑक्सिमीटरवर रक्तातला ऑक्सिजन ९० टक्के दिसला की फ्लो, म्हणजे मिनिटाला सोडायचे लिटर, वाढवायला हात शिवशिवतो. पण अशा बऱ्याच पेशंटना डॉक्टर मुद्दाम ८८ ते ९२ मध्येच ठेवतात. ऑक्सिजन जास्त झाला तर त्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठू शकतो. पेशंट गुंगीत जातो, बोटावर आकडा ९८, आणि घरचे खूश! कार्बन डायऑक्साइड ऑक्सिमीटरला दिसतच नाही. त्यामुळे फ्लो चिठ्ठीत असेल तेवढाच. सकाळी डोकं दुखतंय, बोलणं असंबद्ध वाटतंय, तर लगेच डॉक्टरांना कळवा. हाका मारूनही नीट जाग येत नसेल तर थेट १०८.

कॉन्सन्ट्रेटर विजेवर चालतो, आणि गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाणं पुणेकरांना नवीन नाही. जोडीला सिलिंडर ठेवाच. भरलेल्या ‘बी टाइप’मध्ये साधारण १५०० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला २ लिटर लावला तर बारा तास निघतात, ५ लावला तर पाचच. व्हॉल्व्हला तेल, ग्रीस लावू नका. निरांजन, उदबत्ती त्या खोलीत नको. बिडी-सिगारेट तर अजिबात नको. ऑक्सिजनला ओलावा देणाऱ्या पाण्याच्या बाटलीत डिस्टिल्ड वॉटर, रोज बदलून.

कोविडपासून “एक्मो भाड्याने मिळेल का?” असेही फोन येतात. नाही मिळणार. त्यात जाड नळ्यांमधून रक्त शरीराबाहेर काढून कृत्रिम फुप्फुसातून फिरवतात. तिथे त्यात ऑक्सिजन मिसळतो, कार्बन डायऑक्साइड निघतो आणि रक्त परत आत जातं. आजार याने बरा होत नाही. फुप्फुसाला सावरायला उसंत मिळते. रक्त गोठू नये म्हणून औषध चालू असतं, त्यामुळे रक्तस्रावाचा धोका असतो आणि शिकलेली माणसं चोवीस तास शेजारी लागतात. हे आयसीयूतलंच काम.

मशीन बंद पडलं तर आधी सिलिंडर जोडा, मग आम्हाला फोन करा, रात्री-अपरात्रीही. दम वाढला, ओठ निळे पडले तर मात्र १०८ आधी. आमचा नंबर नंतर.