फुगू न दिलेला नान

शेवपुरीची पापडी आणि पाणीपुरीची पुरी तळली जाते एकाच कढईत, पण पुरी टम्म फुगते आणि पापडी मुकाट सपाट राहते. कारण तळण्याआधी पापडीला काट्याने टोचलेलं असतं. चीनच्या शिनजियांग प्रांतातले उईघुर नानवाय, म्हणजे नान भाजणारे कारागीर, हीच युक्ती वापरतात. फक्त ते नान अर्धाच टोचतात, आणि सगळी गंमत त्या अर्ध्यात आहे.

भाकरी फुगली की आपल्याकडे करणारीच्या हाताचं कौतुक होतं. काशगरच्या नानवायाला मात्र मधोमध फुगलेला नान म्हणजे फसलेला नान. तो गोळा हातावर फिरवत मध्यभाग पातळ करतो, कडेला जाड काठ ठेवतो आणि मधल्या भागावर ठसा दाबत जातो. पूर्वीपासून हा ठसा कोंबडीच्या पिसांचे टणक देठ जुडीने बांधून करत. लाकडी मुठीला खिळे लावलेलेही असतात. उमटते ती सुंदर नक्षी, पण तिचं काम वाफेला आवर घालण्याचं.

पाण्याची वाफ झाली की तिचं आकारमान सुमारे १,७०० पट होतं. म्हणजे कणकेतल्या चमचाभर, ५ मिलिलिटर पाण्याची आठ लिटरहून जास्त वाफ! भाकरीत ती दोन पापुद्र्यांमध्ये अडकते आणि वरचा पापुद्रा उचलते. ठशाच्या टोच्यांनी नानची वरची आणि खालची बाजू जागोजागी एकमेकींना चिकटते, शिवाय वाफेला वाटही मिळते. काठ टोचलेला नसतो. तिथे यीस्टने सोडलेला कार्बन डायऑक्साइड आणि वाफ दोन्ही कोंडले जातात आणि काठ पावासारखा वर येतो. एकाच नानमध्ये मधे कुरकुरीत, कडेला लुसलुशीत!

भाजायची भट्टी म्हणजे ‘तोनूर’. आपल्या ‘तंदूर’ शब्दाचा सख्खा भाऊ. मातीत लोकर मिसळून ती घडवतात. तंतूंमुळे वाळताना आणि तापताना माती सहज तडकत नाही. नान लावण्याआधी भिंतीवर मिठाचं पाणी शिंपडतात. मग उशीसारख्या गादीवर नान ठेवून आत हात घालायचा आणि भिंतीवर थापायचा. (तापलेल्या भट्टीत खांद्यापर्यंत हात घालणाऱ्याला माझा दुरूनच नमस्कार.)

तो खाली का पडत नाही? ओल्या पिठातला स्टार्च ६०-७० अंश सेल्सिअसच्या आसपास पाणी पिऊन फुगतो आणि त्याची चक्क खळ होते. घरी रोटीच्या पाठीला पाणी लावून ती लोखंडी तव्यावर चिकटवतो आणि तवा ज्योतीवर उलटा धरतो, तेव्हा हीच खळ रोटीला धरून ठेवते. पुढे तो थर वाळून कडक झाला की पकड सुटते आणि नान सळईने सहज निघतो. तोवर भिंतीकडून थेट, आणि निखाऱ्यांकडून व समोरच्या भिंतीकडून प्रारणाने, म्हणजे स्पर्शाविना किरणांवाटे, उष्णता येत असते. ही प्रारित उष्णता निरपेक्ष तापमानाच्या (सेल्सिअस अंश अधिक २७३) चौथ्या घाताने वाढते. त्यामुळे २५० ऐवजी ३०० अंशांची भिंत सुमारे ४४ टक्के जास्त उष्णता फेकते. घरचा ओव्हन कमी पडतो तो इथे.

त्यावर उपाय लोखंडाचा. जाड लोखंडी तवा उलटा करून ओव्हनमध्ये ठेवायचा आणि २५० अंशांवर अर्धा तास तापवायचा. ५०० ग्रॅम मैदा, ३०० मिलिलिटर कोमट पाणी, ५ ग्रॅम कोरडं यीस्ट, ९ ग्रॅम मीठ, थोडं तेल. दहा मिनिटं मळून, दुप्पट होईपर्यंत झाकून ठेवायचं, चार गोळे करायचे. गोळा लगेच ताणला तर रबरासारखा मागे येतो. पंधरा मिनिटं पडू दिला की ग्लूटेन, म्हणजे पिठातल्या प्रथिनांची लवचीक जाळी, सैलावतं. मध्य पातळ करून काट्याने भरपूर टोचायचं, वर पाण्याचा हात, तीळ, कलौंजी आणि बारीक चिरलेला कांदा. पहिल्या खेपेला मी दोन-चार टोच्यांवर भागवलं आणि ओव्हनमधून चांगला गरगरीत भटुरा बाहेर आला, कांदा सगळा घरंगळून तव्याच्या कडेला. टोचताना हात आखडू नये. टोचे आरपार गेले पाहिजेत. आठ-दहा मिनिटांत रंग चढतो. पृष्ठभाग कोरडा होऊन १४० अंशांच्या पुढे गेला की प्रथिनं आणि साखरा यांच्यात माइयार्ड अभिक्रिया वेगाने होते. तो तांबूस रंग आणि खमंग वास तिचाच.

टोचलेला मधला भाग जवळपास कोरडा होतो, आणि कोरड्या अन्नाला बुरशी सहजी धरत नाही. तक्लामाकान वाळवंटाच्या काठाने जाणाऱ्या वाटसरूला अशीच शिदोरी हवी. शिनजियांगमधल्याच तुर्फानजवळच्या अस्ताना दफनभूमीत तांग राजवटीच्या काळातले, म्हणजे हजाराहून अधिक वर्षं जुने नान सापडले आहेत, इतकी तिथली हवा कोरडी.

आपल्या दमट हवेत मात्र उरलेला नान फ्रिजमध्ये ठेवायचा मोह होतो. ठेवू नये. फ्रिजच्या थंडाव्यात स्टार्चचे रेणू पुन्हा स्फटिकासारखे जुळतात आणि काठ झटपट चिवट होतो. फ्रीजर चालेल. खाताना पाण्याचा हबका मारून गरम तव्यावर टाकला की ते स्फटिक बरेचसे वितळतात. नाहीतर उईघुर घरांतल्यासारखा तुकडा मोडायचा आणि गरम चहात बुडवायचा.