अंग धरलं म्हणजे किडनी सुधारली का?

तालमींच्या कोल्हापुरात मुलाचं अंग भरलं की घरात आनंद होतो. पण किडनीचा जुनाट आजार असलेल्या मुलाबद्दल ‘आता अंग धरतोय, औषध लागू पडलं’ असं कुणी म्हणालं की मला काळजी वाटते. नेफ्रोटिक सिंड्रोममध्ये, म्हणजे लघवीतून प्रथिनं गळून अंगाला सूज येणाऱ्या किडनीच्या आजारात, गाल फुगतात ते कधी अंगात साठलेल्या पाण्यानं, तर कधी स्टेरॉइडमुळे भूक वाढून चढलेल्या चरबीनं. पाणी उतरतं. चरबी मात्र राहते, आणि ती थेट किडनीच्या मुळावर येते.

प्रत्येक किडनीत साधारण दहा लाख नेफ्रॉन असतात, म्हणजे रक्त गाळणारे सूक्ष्म घटक. हा साठा आईच्या पोटातच, सुमारे ३६व्या आठवड्यापर्यंत ठरून जातो. त्यानंतर एकही नवा नेफ्रॉन तयार होत नाही. मोठ्या माणसाच्या दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला बहुतेक सगळा परत शोषून घेतात. त्या १८० लिटरला वीस लाखांनी भागून पाहा. एका नेफ्रॉनच्या वाट्याला दिवसाला जेमतेम दोन थेंब येतात! एवढ्या बारीक कामावर आपण जगतो.

मुलांमध्ये किडनीच्या जुनाट आजाराचं मोठं कारण मधुमेह नसतं. बऱ्याचदा तो जन्मजात रचनादोष असतो: मूत्रमार्गात आडवा आलेला पडदा, लघवी उलटी वर चढणं, किंवा मुळात लहानच राहिलेली किडनी. अशा मुलाकडे नेफ्रॉनच कमी असतात आणि उरलेल्यांवर जादा काम पडतं. बारा गुऱ्हाळांचा ऊस तीन गुऱ्हाळांवर आला तर ती चालतील, पण घाणे लवकर झिजतील. लठ्ठपणा म्हणजे त्याच तीन गुऱ्हाळांवर आणखी ऊस.

हे नेमकं कसं घडतं, ते पाहण्यासारखं आहे. प्रत्येक नेफ्रॉनच्या तोंडाशी केशवाहिन्यांचा एक गुच्छ असतो. त्यात रक्त आणणारी एक बारीक धमनी आणि बाहेर नेणारी दुसरी. पुढे गाळलेला द्रव वाहून नेणारी नळी वळसा घेऊन परत याच गुच्छापाशी येते आणि तिथल्या पेशी, मॅक्युला डेन्सा, नळीतून किती मीठ वाहतंय ते तपासतात. अंगात चरबी वाढली की इन्सुलिन, अँजिओटेन्सिन (रक्तवाहिन्या आवळणारं संप्रेरक) आणि चेतासंस्थेचा जोर वाढतो, त्यामुळे नळीच्या सुरुवातीच्या भागातच जास्त मीठ शोषलं जातं. मॅक्युला डेन्सापर्यंत मीठ कमी पोचतं. तिचा समज होतो की गाळणं कमी पडतंय, म्हणून ती आत आणणारी धमनी रुंद करायला लावते. तिकडे अँजिओटेन्सिन बाहेर नेणारी धमनी आवळतं. आवक वाढली, जावक अडली, गुच्छातला दाब चढला. गुच्छावर पाय पसरून बसलेल्या पोडोसाइट पेशी ताणल्या जातात. या पेशी विभागून वाढत नाहीत, त्यामुळे एक गळली की तिथली जागा उघडी पडते. मग लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात आणि हळूहळू तो गुच्छ वणासारखा कडक होतो.

रॅमिप्रिलसारखी रक्तदाबाची औषधं बाहेर नेणारी धमनी सैल करतात. अशा औषधावर असलेल्या ३८५ मुलांवरचा युरोपातला अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. ज्यांचा रक्तदाब आणखी काटेकोरपणे खाली ठेवला, त्यांच्यात किडनीची घसरण मंदावली. वजन आटोक्यात ठेवण्यामागेही हाच हेतू आहे: दाब उतरवणं.

मात्र उपासमार नको. वाढत्या मुलाची प्रथिनं वयाच्या गरजेखाली नेऊ नयेत, आणि प्रोटीन पावडरचे डबेही घरात आणू नयेत. बऱ्याच मुलांमध्ये वजन घटवायचंही नसतं. ते आहे तिथं थोपवून उंची वाढू द्यायची असते. सुरुवात मिठापासून करावी. फरसाण, पापड, लोणचं, वरून घेतलेली चटणी हे सगळं खारट, आणि खारटानं तहान लागली की हात थंड पेयाच्या बाटलीकडे जातो. साखरेऐवजी गूळ दिला तर उष्मांक जवळपास तेवढेच राहतात, वर कमजोर किडनीला नीट बाहेर टाकता न येणारं पोटॅशियम वाढतं. गंगावेशीतलं धारोष्ण दूध पैलवानाला मानवत असेल, पण या मुलांना त्यातला फॉस्फरस मोजूनच द्यावा लागतो, तोही दूध उकळून. पोटातून डायलिसिस चालू असेल तर द्रावणातलं ग्लुकोजही अंगात मुरतं, हे आहारतज्ज्ञाला हिशेबात धरावं लागतं. रंकाळ्याची फेरी बहुतेकांना चालते, फक्त आधी डॉक्टरांना विचारावं.

‘वजन उतरवणारे’ आणि ‘किडनी साफ करणारे’ काढे यांपासून मुलांना लांबच ठेवा. वनस्पतीचं म्हणून निरुपद्रवी, ही समजूत किती महागात पडते ते १९९३ मध्ये ब्रुसेल्समधून जगाला कळलं. तिथल्या एका दवाखान्यात बारीक होण्यासाठी चिनी वनौषधींच्या गोळ्या घेतलेल्या स्त्रियांच्या किडन्या निकामी झाल्या होत्या. दोषी निघालं ॲरिस्टोलोकिया या वनस्पतीतलं आम्ल.

नुसत्या वजनकाट्यावर विसंबूही नका. सूज असेल तर काटा पाणीच मोजतो, आणि या आजारात उंची खुंटत असल्यानं बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, हाही वयाच्या तक्त्यावर फसवतो. प्रत्येक भेटीत उंची, कमरेचा घेर, रक्तदाब आणि लघवीतली प्रथिनं यांची नोंद मागून घ्या. कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून जास्त भरला, तर आहारतज्ज्ञाची भेट पुढच्या महिन्यावर ढकलू नका.