फिल्म ‘पुश’ केली की तिचा आयएसओ वाढतो?

‘४०० ची फिल्म १६०० वर वापरा, डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवा, झाली १६०० ची!’ फिल्म ‘पुश’ करण्याचा हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. (हे आकडे आयएसओचे, म्हणजे फिल्म प्रकाशाला किती संवेदनशील आहे त्याचे; डेव्हलपर म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन.) पुश केलेले फोटो उजळ दिसतात, त्यामुळे तो पटतोही.

पण फिल्मवर किती प्रकाश पडला, हे शटर मिटताच ठरून जातं. ४०० ऐवजी १६०० म्हणजे दोन स्टॉप कमी (दर स्टॉपला प्रकाश निम्मा), म्हणजे प्रकाश फक्त पाव. गडद सावलीत तो पुरेसा पोचलाच नसेल, तर डेव्हलपरला वाढवायला तिथे काही नसतं. जिथे पोचलाय, तिथे मात्र जादा वेळात चित्र घडवणारी फिल्मवरची चांदी दाट होत जाते: उजळ भाग आणखी चढतात, कॉन्ट्रास्ट वाढतो, ग्रेन (फोटोतला दाणेदारपणा) ठळक होतो. सावल्यांना मिळतो तो अगदी थोडासा फायदा.

पडताळायचं तर दोन रोल लागतील. खुर्चीवर काळा कोट टाका. एका रोलवर ४०० ला, दुसऱ्यावर १६०० ला टिपा. पहिला नेहमीसारखा डेव्हलप करा, दुसरा पुश. दोन्ही निगेटिव्ह उजेडासमोर धरा. पहिल्यात कोटाच्या चुण्या दिसतील. दुसऱ्यात तिथे फिल्मच्या कडेसारखंच जवळपास कोरं. अंधारात मीही पुश करतो, पण प्रकाश मोजायचा मीटर चेहऱ्यावर धरून. कोट गेला तरी चालतो.