2520 ही ‘एकमेव’ संख्या नाही!

व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षे फिरणारा हा मेसेज तुम्हीही वाचला असेल: 1 ते 10 या सगळ्या संख्यांनी नि:शेष भाग जाणारी 2520 ही जगातली एकमेव संख्या; ती रामानुजन यांनी शोधली, आणि तिचं रहस्य म्हणजे आठवड्याचे 7 दिवस × महिन्याचे 30 दिवस × वर्षाचे 12 महिने.

एकमेव तर ती मुळीच नाही. 5040 घ्या, 7560 घ्या. 2520 च्या प्रत्येक पटीला या दहाही संख्यांनी भाग जातो, आणि अशा पटींना अंतच नाही. 2520 ही त्यांतली सर्वांत लहान, म्हणजे शाळेत काढतो तो लसावि. 8 साठी तीन वेळा 2 लागतो, 9 साठी दोन वेळा 3, शिवाय एक 5 आणि एक 7. झालं, 8 × 9 × 5 × 7 = 2520. 4, 6, 10 त्यात आपोआप येतात. लसावि काढण्याची रीत तर युक्लिडच्या ग्रंथातही आहे, इसवी सनापूर्वी 300 च्या सुमाराची. कॅलेंडरचा गुणाकार बरोबर आहे, पण तो निव्वळ योगायोग.

वाईट याचं वाटतं की या मेसेजमुळे रामानुजन यांचं खरं काम झाकलं जातं. आपल्याहून लहान असलेल्या कुठल्याही संख्येपेक्षा जास्त विभाजक असणाऱ्या संख्यांवर त्यांनी 1915 मध्ये दीर्घ शोधनिबंध लिहिला. त्यातल्या यादीत 2520 आहेच, 48 विभाजकांसह. पण ती यादी थेट 67,46,32,83,88,800 पर्यंत जाते, आणि या संख्येचे विभाजक आहेत 10,080! तेही संगणक नव्हते त्या काळात.