'सायलेन्स'च्या आधीची तीन शतकं: गोवा, वसई, नागासाकी

मार्टिन स्कॉर्सेसी यांचा, सतराव्या शतकातल्या जपानमधल्या ख्रिस्ती छळावरचा 'सायलेन्स' (२०१६) हा चित्रपट पाहून आलेले ख्रिस्ती प्रेक्षक बहुतेक एकाच प्रश्नावर अडतात. त्यातल्या पोर्तुगीज धर्मगुरूने, फादर रॉड्रिग्जने, शेवटी येशूच्या प्रतिमेवर पाय दिला, मग त्याची श्रद्धा उरली की गेली? यावर वाद घालण्याआधी चित्रपटामागचा इतिहास माहीत असलेला बरा. त्याचा एक धागा आपल्याच किनाऱ्यावरून जातो.

जपानला ख्रिस्ती धर्म पोचला तो गोव्याहून. अंजिरो या जपानी माणसाचा १५४८ साली गोव्यात बाप्तिस्मा झाला आणि त्याला सोबत घेऊन फ्रान्सिस झेवियर १५ ऑगस्ट १५४९ रोजी कागोशिमाला उतरले. पुढे क्युशू बेटावर सरदारांपासून कोळ्यांपर्यंत पुष्कळांनी हा धर्म स्वीकारला. सरदारांना पोर्तुगीज जहाजांच्या व्यापाराचीही ओढ होती, ते लपवण्यात अर्थ नाही. देश एका मुठीत आणणाऱ्या हिदेयोशीला मात्र यात परक्या राजाचा हात दिसू लागला. १५८७ साली त्याने धर्मगुरूंना देश सोडायचा हुकूम काढला. दहा वर्षं तो बराचसा कागदावरच राहिला.

मग १५९७ साल आलं, आणि त्यात आपले ब्रदर गोन्सालो गार्सिया. जन्म वसईचा, वडील पोर्तुगीज, आई इथली. तरुणपणी येशूसंघीयांबरोबर (जेझुइटांबरोबर) जपानला गेले, मग व्यापार केला, पुढे मनिलात फ्रान्सिस्कन संघात गेले. जपानी उत्तम येत असल्याने दुभाषे म्हणून पुन्हा जपानला. पकडलेल्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांना भर थंडीत क्योतोहून नागासाकीपर्यंत नेलं आणि ५ फेब्रुवारीला सव्वीस जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी भोसकलं. १८६२ साली ते सगळे संत घोषित झाले. गासला गोन्सालोंच्या नावाचं चर्च आहे. वसईतल्या मुलांना ही गोष्ट वेगळी शिकवावी लागत नाही.

चित्रपट ज्या कादंबरीवर बेतला आहे, ती शुसाकु एंडोंची कादंबरी उचलते ती यापुढची गोष्ट, जी आम्हाला कुणी शिकवली नव्हती. १६१४ साली देशभर बंदी आली. माणसं मारली की हुतात्मे वाढतात, हे अधिकाऱ्यांना कळून चुकलं होतं, म्हणून त्यांनी छळाची रीत बदलली. माणसाला खड्ड्यात उलटं टांगायचं आणि कानामागे बारीक चीर द्यायची, म्हणजे रक्त थेंबाथेंबाने गळतं आणि जीव लवकर जात नाही. गावकऱ्यांसाठी 'फुमि-ए' होती: येशूची किंवा मरियेची प्रतिमा, जिच्यावर आपण ख्रिस्ती नाही हे दाखवायला सगळ्यांनी रांगेने पाय द्यायचा, तोही दरवर्षी. १६३३ साली पोर्तुगीज येशूसंघीय क्रिस्तोव्हाओ फेरेरा त्या खड्ड्यात सुमारे पाच तासांनी मोडले आणि त्यांनी धर्म सोडला. त्यांनी जपानी नाव घेतलं आणि पुढे ते अधिकाऱ्यांच्याच कामी आले. १६४३ साली उतरलेले इटालियन ज्युसेप्पे किआरा हेही असेच मोडले. कादंबरीतला रॉड्रिग्ज त्यांच्यावरून घेतला आहे.

एंडोंचा बाप्तिस्मा लहानपणी आईच्या इच्छेने झाला. हा धर्म त्यांना अंगाला न बसणाऱ्या पाश्चात्य सुटासारखा वाटे. नागासाकीत त्यांनी एक फुमि-ए पाहिली, तिच्या कडेला पायांच्या बोटांचे काळे ठसे होते. हे पाय कुणाचे, या प्रश्नातून १९६६ची कादंबरी आली. तिच्यावर जपानी कॅथलिकांनीच सडकून टीका केली. मसाहिरो शिनोदांनी १९७१ साली तिच्यावर चित्रपट केला. स्कॉर्सेसींनी ती १९८९ साली वाचली, पण पडद्यावर आणायला त्यांना पाव शतकाहून अधिक काळ लागला.

टीकाकारांना एक तारीख विचारायला हवी: १७ मार्च १८६५. नागासाकीच्या ओउरा चर्चमध्ये उराकामीचे गावकरी फादर पेतिजाँ यांच्याकडे आले, आमचं आणि तुमचं हृदय एकच आहे असं म्हणाले आणि मरियेची मूर्ती कुठे आहे असं विचारू लागले. दोनशेहून अधिक वर्षं धर्मगुरूवाचून त्यांनी बाप्तिस्मा आणि प्रार्थना टिकवल्या होत्या. ते चर्च सव्वीस हुतात्म्यांना अर्पण केलेलं होतं, पण आत आलेले लोक होते पाय देणाऱ्यांचे वंशज. त्यांचे पूर्वज फुमि-ए तुडवून घरी येत आणि पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत. हुतात्म्यांचा सण आम्ही पाळतो. या लोकांना आमच्या दिनदर्शिकेत जागा नाही.

म्हणूनच चित्रपटाचा शेवट मला खटकतो. मेलेल्या रॉड्रिग्जच्या हातात स्कॉर्सेसींनी छोटा क्रूस ठेवला आहे. कादंबरीत तो नाही. तिथे शेवटी फक्त एका अधिकाऱ्याची रूक्ष रोजनिशी आहे, आणि तीत वारंवार पाय देणाऱ्या किचिजिरो या पात्राकडेच संताची तसबीर सापडल्याची नोंद आहे. बरेच वाचक ती पानं चाळून सोडतात. सोडू नयेत.